गोळीतलं पाणी

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका तपासणी लॅबमध्ये आचल पाणी मोजायची. विहिरीचं नाही की नळाचं नाही. औषधाच्या गोळ्या, दुधाची भुकटी, बिस्किटं, अशा कोरड्या ठणठणीत दिसणाऱ्या वस्तूंच्या पोटात किती पाणी दडलंय ते शोधून काढायचं, हे तिचं काम. तिच्या आईला, शकुनबाईंना, कोणी विचारलं की पोरगी काय करते, तर त्या "मशीनवर असते" एवढंच सांगत आणि त्याच दमात पुढं विचारत, "तुमच्या पाहण्यात हाये का एखादा चांगला पोरगा?"

असं सगळं ठीक चाललं होतं. मग मामांना शुगर निघाली.

खुशालराव मामा म्हणजे शकुनबाईंचे थोरले भाऊ. अमरावतीजवळ त्यांचा संत्र्याचा बगीचा, आणि गावच्या दूध संस्थेचे ते कैक वर्षं सचिव. संस्था केव्हाच बंद पडली, पण दुधातलं पाणी पकडायची काचेची नळी, म्हणजे लॅक्टोमीटर, मामांच्या खिशातून काही गेलं नाही. लग्नाला गेले की आधी आचाऱ्याच्या दुधाच्या पातेल्यात नळी सोडत, मग नवरानवरीवर अक्षता टाकत. सख्ख्या व्याह्याला पहिल्याच भेटीत त्यांनी "तुमची म्हैस नदीत उभी राहून दूध देते का?" असं विचारलं होतं, आणि ते दोन घरांमध्ये अजून पुरतं मिटलेलं नव्हतं. जगात लबाडी एकाच प्रकारची असते, ती म्हणजे पाणी घालणं, अशी मामांची पक्की खात्री होती.

डॉक्टरांनी साखर बंद केली आणि सांगितलं, चहासोबत गोडाच्या गोळ्या घेत जा. माणिकबाई मामींनी त्याच दिवशी मेडिकलमधून डबी आणली. वरून दाबलं की टुचकन एक गोळी बाहेर पडायची. मामांनी दोन गोळ्या घेतल्या, चहा घेतला आणि कप खाली ठेवला.

"फिक्का!"

दुसऱ्या दिवशी तीन घेतल्या. फिक्का. आठवडा संपेपर्यंत मामा सहा गोळ्यांवर आले, तरी चहा फिक्काच.

"अवो, शेजारचे लोक एका गोळीत पेतात," मामी म्हणाल्या.

"थ्या लोकाईच्या जिभा मेल्या हायेत. मायी नाई मेली. ह्या गोळ्याईत पाणी हाये."

"कोरड्या गोळीत पाणी?"

"तेच तं! दुधातलं पाणी दिसते का? नाई दिसत. म्हणून तं लोक फसतात."

मग मामांनी अर्धी डबी खलबत्त्यात कुटली, पेलाभर पाण्यात ढवळली आणि त्यात लॅक्टोमीटर सोडलं. नळी बुडली.

"पाय! पाय कशी बुडली! पाणी हाये!"

"तुमीच तं टाकलं पाणी."

"म्या टाकलं थे वेगळं," मामा म्हणाले. "मी गोळीतल्या पाण्याचं सांगून राहिलो."

एवढा पुरावा हाती आल्यावर मामा काय थांबतात! त्यांनी नवी डबी घेतली आणि अमरावतीतली एक लॅब गाठली. तिथं कुंदन नावाचा एक तरुण केमिस्ट होता. त्यानं गोळ्यांचं वजन केलं, त्या ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवल्या, परत वजन केलं आणि कागदावर लिहून दिलं, पाणी शून्य पॉइंट चार टक्के. मामांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"एवढंसंच?"

"एवढंच आहे, काका. गोळ्या चांगल्या आहेत."

चांगल्या आहेत हे ऐकायला मामा गेलेच नव्हते. "पोट्ट्यानं मशीनबी लावली नाई, चुलीत टाकल्या गोळ्या," असं घरी सांगून त्यांनी अकोल्याची बस धरली. भाची कामाला असताना परक्याच्या दारात गेलोच कशाला, असं त्यांना वाटलं.

आचलच्या लॅबमध्ये नातेवाइकांना मनाई होती, पण मामांना ते सांगणार कोण? गेटवरच्या माणसाला त्यांनी संत्र्यांची पिशवी दिली आणि सरळ मशीनपाशी येऊन उभे राहिले.

मशीन म्हणजे एक काचेचं भांडं. त्यात पिवळट औषध फिरत असतं. गोळीची भुकटी आत टाकली की औषध तिच्यातलं पाणी थेंबाथेंबानं खाऊन टाकतं, आणि किती खाल्लं तो आकडा बाजूच्या पडद्यावर येतो. पंचाईत एकच. ते औषध एवढं तहानलेलं असतं की झाकण उघडलं रे उघडलं की हवेतला ओलावाही पिऊन घेतं. तोंडापाशी बोललेलं तर त्याला मुळीच चालत नाही.

"मामा, मी झाकण उघडलं का बोलू नका. अन् श्वास तिकडं घ्या."

"बरं." मामांनी तोंड मिटलं. आचलनं झाकण उघडलं. "पण आचल, हे औषध कोठून मागवता तुमी?"

आकडा टुणकन वर गेला.

"मामा!"

"अवं, मी सकाळपासून पाणीबी पेलो नाई, मायातून कुठलं पाणी जाईन?"

दुसऱ्या खेपेला मामांनी गाल फुगवून दम धरला. चेहरा लाल झाला, डोळे बाहेर आले, आणि ऐन वेळेला त्यांना मशीनवरच शिंक आली. तिसऱ्या खेपेला आचलनं त्यांना खिडकीबाहेर उभं केलं. मामा काचेला नाक लावून तिथून खाणाखुणा करत राहिले, पण काम झालं. आकडा आला चार पॉइंट नऊ टक्के. पुन्हा केलं, पुन्हा तोच.

मामांचा चेहरा असा उजळला, जणू बगीच्यात दुसऱ्यांदा बहर आला. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी धरले आणि मग हळूहळू त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"अमरावतीत पॉइंट चार. अकोल्यात चार पॉइंट नऊ. गोळ्या त्याच. म्हणजे बाकीचं पाणी काय त्या मधात बडनेऱ्याले उतरून पेल्या?"

दोन रिपोर्टात एवढा फरक म्हटल्यावर आचललाही राहवलं नाही. तिनं अमरावतीच्या लॅबला फोन लावला. कुंदननं उचलला.

"तुमच्या मशीनमध्ये हवा शिरली असेल, मॅडम," तो म्हणाला.

"आणि तुमच्या ओव्हनमध्ये ऊबच शिरली नसेल, सर," ती म्हणाली.

सुरुवात अशी झाली. पण दोघंही कामात पक्के होते, त्यामुळं थोड्याच वेळात दोघांच्या लक्षात आलं की भांडण्यासारखं काही नाहीच. गोळीत गोडाचा अंश चिमूटभर, बाकी सगळी भरणी दूधसाखरेची, म्हणजे दुधात मुळातच असणाऱ्या लॅक्टोजची. त्या साखरेच्या खड्यात पाणी जन्मजातच बांधलेलं असतं. ते मंद आचेला सुटत नाही, म्हणून कुंदनला दिसलं नाही. आचलच्या औषधानं ते ओढून काढलं. दोघंही बरोबर होते. मग फोन ठेवायला हवा होता, पण बोलणं दूधसाखरेवरून मिठावर आणि मिठावरून पावसाळ्यात बंद पडणाऱ्या एसीवर गेलं. त्यानंतर एकदोनदा अजून फोन झाले. कामाचेच.

आचलनं हे सगळं मामांना समजावून सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे तुमी दोघं फोनवर बोलून मिळून गेले."

"मिळून नाई गेलो, मामा. खरंच तसं हाये."

"फोनवर कोणीबी काईबी बोलते. मले समोरासमोर पायजे."

इथून पुढं जे झालं त्याला मामांची भाषा जबाबदार. आचलला हे नंतर कळलं, पण सांगायचं तर इथंच सांगितलं पाहिजे. मामांनी घरी जाऊन बहिणीला फोन केला.

"शकुन, तुयी आचल अन् तो अमरावतीचा पोट्टा, दोघाईची एकदा गाठ घालून द्या लागते. लपूनछपून फोनवर बोलून राहिले दोघं. मले पटत नाई थे. एकाच लाइनीतले हायेत, एकमेकाचं पाणी समोरासमोर जोखू दे. रविवारी मूर्तिजापूरले नत्थुजीकडे बसू. दोघाईलेही मधात पडते."

शकुनबाई फोन हातात घेऊन खालीच बसल्या. लपूनछपून! पोरीनं स्वतःच जमवलं! तीन वर्षं त्या देवाला जे मागत होत्या, ते देवानं असं मागल्या दारानं पाठवलं होतं. त्यांनी ठरवलं, पोरीला एक अक्षर विचारायचं नाही. लाजेल बिचारी.

तिकडं कुंदननं मूर्तिजापूरला यायला साफ नकार दिला. रिपोर्ट दिला, काम संपलं, असं त्याचं म्हणणं. पण त्याचे वडील पुंजाजी झेंडूची शेती करायचे आणि फुलबाजारात मामांच्या ओळखीचे निघाले. मामांनी त्यांना तिथंच गाठलं.

"पुंजाजी, पोराले रविवारी मूर्तिजापूरले घेऊन या. मायी भाची येऊन राहिली अकोल्याहून. पोट्टी लय हुशार हाये. फक्त दोघाईचे आकडे जुळले पायजेत. नाई जुळले तं मंग मले पुढचा इचार करा लागते."

"आमी पत्रिका पाहत नाई, भाऊ," पुंजाजी भारावून म्हणाले.

"पत्रिका नका पाहू. रिपोर्ट घेऊन या म्हणा त्याले."

पुंजाजींनी घरी येऊन बायकोला, जमुनाबाईंना, सांगितलं की माणसं फार पुढारलेली आहेत, पत्रिकेऐवजी रिपोर्ट मागतात. जमुनाबाई म्हणाल्या, आजकाल बरोबरच आहे, रक्तबिक्त तपासलेलं बरं.

रविवारी सकाळी आचल नेहमीचा सुती कुर्ता घालून तयार झाली, तर आई पलंगावर मोरपंखी साडी घेऊन बसलेली.

"आई, मी रिपोर्ट समजावून सांगायले चालली. साडी कायले?"

"नत्थुजी म्हणजे तुया मामीचे भाऊ. चांगलं दिसलं पायजे."

"अन् तू काहून येऊन राहिली?"

"मले लय दिवसापासून मूर्तिजापूर पाहाचं होतं," शकुनबाई म्हणाल्या. मूर्तिजापूर त्यांचं आजोळ होतं.

साडी नाही तरी नवा ड्रेस घालूनच आचल सुटली. गाडीत आई तिच्याकडं सारखी पाहत होती आणि मधूनच पदरानं डोळे टिपत होती. आचलला वाटलं, खिडकीतून धूळ येते.

नत्थुजींचं घर स्टेशनापासून जवळच. त्यांनी बैठकीत नव्या चादरी अंथरल्या होत्या. मध्ये खुर्चीवर मामा बसले होते, शेजारी मामी. समोर पुंजाजी पांढऱ्या स्वच्छ सदऱ्यात, जमुनाबाई कडक साडीत, आणि त्यांच्यामध्ये मांडीवर फाइल धरून एक उंच मुलगा. त्याच्या शर्टाच्या कॉलरवर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. आचलनं आवाजावरून त्याचा जो चेहरा मनात धरला होता तो बराच भांडखोर होता. प्रत्यक्षातला तसा नव्हता.

पोहे आले. जमुनाबाईंनी आचलला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि तिच्या हाताकडं, केसांकडं, पायांकडं इतक्या मायेनं पाहिलं की आचल बिचकली. लॅबच्या कुठल्याच गिऱ्हाइकानं आजवर तिच्याकडं असं पाहिलं नव्हतं.

"चला, वेळ नका घालवू," मामांनी ताट बाजूला सारलं. "सगळ्याईसमोर होऊन जाऊ द्या. कुंदन, पयले तू. तुयं किती?"

"पॉइंट चार," कुंदन म्हणाला.

शकुनबाई वहिनीच्या कानाशी लागल्या. "पॉइंट चार काय? एकर?"

"चूप राय, आईक," मामी कुजबुजल्या. त्यांनाही काही कळत नव्हतं, पण मजा येत होती.

"अन् आचल, तुयं?"

"चार पॉइंट नऊ."

जमुनाबाईंनी चमकून तिच्याकडं पाहिलं. "चार फूट नऊ इंच? बसल्यावर तं चांगली उंच दिसते!"

"नाई जी, नाई!" शकुनबाई तटकन म्हणाल्या. "पाच फुटाच्या वर हाये पोरगी. उभी राय वं आचल!"

आचल उभी राहिली. कशासाठी ते तिला कळलं नाही, पण आईचा स्वर तसा होता. कुंदननं फाइलमध्ये तोंड घातलं.

"उंचीचं काय लावलं?" मामा वैतागले. "मुद्द्याचं बोला. पोरा, तू किती तापवलं?"

"ऐंशी अंशांवर, दोन तास."

"ऐंशीवर ते निघत नाही," आचल बसत म्हणाली. "वरवरचं तेवढं जातं. आतलं पाणी तसंच राहतं."

"कोणाच्या आतलं?" जमुनाबाईंनी विचारलं.

आपल्या पोराच्या आतल्या पाण्याची चर्चा चालली आहे, असं समजून पुंजाजी सरसावून बसले. "आमच्या पोराच्या अंगात पाणी हाये बरं का. दिसते शांत, पण लय पाणीदार हाये."

"पाणीदार?" मामा कडाडले. "तो सोताच पॉइंट चार म्हणून राहिला!"

"विनयशील हाये जी तो. लहानपणापासून कमीच सांगते."

"अन् पोरीचं पाणी त्याच्या दहापट हाये, थ्याचं काय?"

"मंग चांगलंच तं हाये," जमुनाबाई गहिवरून म्हणाल्या. "घरात एकानं तरी खमकं असावं लागते." त्यांनी पिशवीत हात घातला, एक नारळ, खण आणि हळदीकुंकवाची पुडी बाहेर काढली आणि आचलच्या मांडीवर ठेवली. "आमच्याकडून हाव हाये."

आचलनं नारळाकडं पाहिलं. "कशाला होकार? रिपोर्टला?"

"संबंधाले."

बाहेर कुठंतरी गाडीची शिटी वाजली. कुंदनचे कान आधी लाल झाले, मग तो पूर्ण लाल झाला. आचलनं आईकडं पाहिलं. आई डोळे टिपत होती, आणि बंद घरात धूळ येत नव्हती. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला.

"मामा," ती म्हणाली, "तुमी ह्या लोकाईले काय सांगितलं होतं?"

"म्या? म्या पाण्याचं सांगितलं होतं!"

"तुमी म्हणाले गाठ घालून द्या लागते!" शकुनबाई म्हणाल्या.

"हो, मंग? पडली ना गाठ!"

"तुमी म्हणाले आकडे जुळले पायजेत!" पुंजाजी म्हणाले.

"नाईच जुळले ना! थोच तं सगळा वांधा हाये! अबे, लग्न कोठून आलं मधात? मी गोळ्याईसाठी बोलावलं तुमाले! गोडाच्या गोळ्या! ह्या!" मामांनी खिशातून डबी काढून सगळ्यांसमोर खुळखुळ वाजवली.

माणिकबाई मामी आधी पदरात हसल्या, मग पदर सोडून हसल्या, मग त्यांना ठसका लागला आणि नत्थुजींना पाणी आणायला पळावं लागलं. जमुनाबाई मात्र गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्यांचा हात नारळाकडं जायचा आणि परत यायचा. दिलेला नारळ परत घ्यायचा तर अपशकुन, तसाच ठेवायचा तर संबंध ठरल्यासारखा.

"फोडून टाका," नत्थुजींनी तोड काढली. "सगळ्याईनं खाल्ला का कोणाचाच नाई."

म्हणून नारळ फोडला. मामांनी जाता जाता वाटीत किती पाणी निघालं ते पाहिलं आणि "हे पाहा, हे इमानदार फळ," एवढं म्हणून ते जागेवर येऊन बसले. तेवढ्यात चहा आला. मामांचा वेगळा, बिनसाखरेचा.

"आता आलेच हायेत सगळे तं डोळ्यानं पाहून घ्या," मामा म्हणाले. "मी खोटं बोलत असीन तं सांगा. ह्या पाहा, सहा गोळ्या."

त्यांनी डबी सहा वेळा दाबली. सहा गोळ्या तळहातावर घेतल्या. मान मागं टाकली, सहाच्या सहा तोंडात फेकल्या, वरून तांब्यानं घटाघटा पाणी प्याले, गळ्याशी हात फिरवून त्या नीट खाली गेल्याची खात्री केली. मग कप उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"घ्या! हाये का गोड?"

आचलनं कुंदनकडं पाहिलं. कुंदननं आचलकडं पाहिलं.

"मामा," आचल अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुमी गोळ्या गिळता?"

"मंग? गोळी काय कानात घालतात?"

"अवो, चहात टाकाची असते ती!" मामी ओरडल्या. "चहात! साखरेसारखी! मी रोज आतमधी चहा मांडतो, अन् तुमी बाहीर गिळून राहिले!"

"डॉक्टर म्हणाला, चहासोबत घ्या," मामा म्हणाले. आवाज थोडा खाली आला होता. "बीपीची घेतो, पित्ताची घेतो, तशी हे घेतली. चहात टाका असं कोण म्हणालं मले? एकानं तरी म्हणालं का?"

ते खरं होतं. कोणीच म्हणालं नव्हतं. ज्यानं त्यानं विचारलं, गोळ्या घेता ना? आणि मामा म्हणायचे, घेतो.

मामींनी डबी ओढून घेतली, एक गोळी कपात टाकली, बोटानंच ढवळलं आणि कप पुढं केला. मामांनी घोट घेतला. दुसरा घेतला. सगळे त्यांच्या मिशीकडं पाहत होते. तिसऱ्या घोटाला मिशी हलली.

"गोड हाये," मामा म्हणाले. मग लगेच कप खाली ठेवून ताठ बसले. "पण पाणी हाये का नाई त्याच्यात? पाच टक्के हाये का नाई? मी म्हणत होतो का नाई?"

"हाये, मामा," आचल म्हणाली. "पण कोणी मिसळलेलं नाई. तुमच्या घराच्या स्लॅबमधी किती पाणी टाकलं होतं?"

"टँकरवर टँकर."

"आता स्लॅब पिळली तं निघते?"

"स्लॅब कशी पिळतीन?"

"तसंच ते. पाणी आत बांधल्या गेलं. ओलं नाई राहत."

"आणि काका, मी उन्हात वाळत घातल्यासारखं केलं," कुंदन पहिल्यांदाच न अडखळता बोलला, "तर उन्हानं स्लॅबचा वरवरचा ओलावा जाईल, आतलं जाणार नाही. म्हणून माझा आकडा लहान, यांचा मोठा. दोघांचेही बरोबर."

मामा विचारात पडले. एवढ्या वर्षांत पाणी सापडलं आणि चोर सापडला नाही, असं त्यांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. "दोघंबी बरोबर," ते खिन्नपणे म्हणाले. "मंग मी भांडू कोणाशी?"

"चहा पेऊन घ्या अगोदर," मामी म्हणाल्या. "थंडा होऊन राहिला."

जेवणानंतर मोठी माणसं बैठकीत लवंडली. पुंजाजी आणि मामा झेंडूवर बोलत होते. शकुनबाई आणि जमुनाबाई एकमेकींची इतकी समजूत काढत होत्या की बघणाऱ्याला त्या जुन्या मैत्रिणी वाटाव्यात. आचल हात धुवायला परसात गेली, तर कुंदन तिथं नळाशी कॉलरवरची चिठ्ठी काढायचा प्रयत्न करत होता. ती मागच्या बाजूला होती. त्याचा हात पोचत नव्हता. आचलनं ती काढून दिली.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"आई म्हणाली नवा शर्ट घाल, तेव्हा थोडा संशय आला होता. रिपोर्टसाठी कोणी नवा शर्ट घालत नाही."

"मग आलात कशाला? तुम्ही तर नाही म्हणाला होतात."

कुंदननं नळ बंद केला. नळ जुना होता, थेंब गळतच राहिला. "फोनवर ज्या बाईनं माझ्या ओव्हनला नावं ठेवली, तिला एकदा पाहायचं होतं," तो म्हणाला आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन घाईघाईनं पुढं म्हणाला, "म्हणजे, पद्धत समजून घ्यायची होती. तुमची मशीनही पाहायची होती. आमच्याकडं नाहीये."

"झाकण उघडलं की दम धरावा लागतो."

"धरीन."

"मामांनाही जमलं नाही."

"मामा सहा गोळ्या एका दमात गिळतात. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही."

आचल एवढ्या जोरात हसली की आत बैठकीत चारही वडीलधाऱ्यांचं बोलणं एकदम थांबलं. मग कोणीतरी मुद्दाम मोठ्यानं झेंडूचा विषय पुन्हा काढला.

परतीच्या गाडीला गर्दी नव्हती. बाहेर कापसाची बोंडं फुटलेली पऱ्हाटी, त्यावर ऑक्टोबरचं असं ऊन की खिडकीची दांडी हाताला चटके देत होती. बोरगाव येईपर्यंत शकुनबाईंनी कसाबसा धीर धरला.

"मंग?" त्या म्हणाल्या. "काई बोलले का तुमी?"

"पुढच्या रविवारी मशीन पाहायले येऊन राहिला तो. अकोल्याले."

"कोणासंग?"

"एकटा."

शकुनबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. पण पदराखाली त्यांचा अंगठा एकेका बोटाच्या पेरावरून सरकत चालला होता. ओठही हलत होते, कार्तिक, मार्गशीर्ष.

"आई, महिने मोजू नको."

"मी कायले मोजू?" शकुनबाई म्हणाल्या. "थंडी वाजून राहिली, म्हणून बोटं चोळून राहिली."